एका ‘नाही’साठी तेवीस दिवस

या भानगडीत मी गणिताच्या प्रेमापोटी पडलो नाही. सुटे भाग आणून संगणक जोडला होता आणि तो धड जोडला गेलाय का, एवढंच बघायचं होतं. जोडणारे सगळे सांगतात, प्राइम९५ या प्रोग्रॅमची टॉर्चर टेस्ट रात्रभर लावून ठेव, खोट असेल तर बाहेर येईल. लावली. पाऊण तासात संदेश आला: राउंडिंग ०.५ निघालं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं. म्हणजे हिशेबात कुठेतरी चूक. काम बंद. त्याच संगणकावर सिनेमे, खेळ, टायपिंग सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी मेमरीची एक पट्टी सदोष निघाली, ती बदलून घेतली.

पट्टी बदलली, पण प्रश्न मागे राहिला. इतकी बारीक चूक पकडणारा हा प्रोग्रॅम मुळात लिहिलाय कशासाठी? तर मोठमोठ्या मूळ संख्या शोधायला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये गिम्प्स नावाचा उपक्रम सुरू केला. जगभरच्या लोकांनी आपल्या संगणकाचा रिकामा वेळ द्यायचा आणि मर्सेन संख्या तपासायच्या, म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या. अशी संख्या मूळ निघायला घातांक स्वतः मूळ असावा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही.

गिम्प्सवर खातं उघडायला दोन मिनिटं लागली. माझ्या वाट्याला तेरा कोटींच्या घरातला एक घातांक आला. त्यातून तयार होणारी संख्या सुमारे ३ कोटी ९० लाख अंकी.

प्रोग्रॅम लगेच मुख्य चाचणीला हात घालत नाही. आधी सोपे भाजक सापडतात का ते पाहतो, कारण एक जरी भाजक मिळाला तरी पुढचे आठवडे वाचतात. यातही गंमत आहे. घातांक ११ घ्या. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे. २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे २२ चौक ८८ अधिक १. मर्सेन संख्येचा भाजक नेहमी घातांकाच्या दुपटीच्या पटीत एक मिळवलेला असतो. त्यामुळे असंख्य उमेदवार न तपासताच बाद होतात. माझ्या संख्येला या टप्प्यात भाजक सापडला नाही.

मुख्य चाचणी समजून घ्यायला मी कागद घेतला. लुकास-लेमर चाचणी चौथीच्या मुलालाही करता येईल: ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. ३१ साठी, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १: ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६४ वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. शून्य आलं, ३१ मूळ. २०४७ साठी नऊ पायऱ्या चढल्यावर हाती राहतात १७३६. शून्य नाही, म्हणजे मूळ नाही. पण २३ आणि ८९ यांचा कुठे मागमूसही नाही! चाचणी ‘नाही’ म्हणते. का नाही, ते सांगत नाही.

हल्ली पहिली फेरी फर्माच्या प्रमेयावर बेतलेल्या भावंड-चाचणीने होते. तिथे ३ पासून वर्ग करत जायचं. काम तेच: जवळजवळ चार कोटी अंकी संख्येचा वर्ग, तेरा कोटींहून जास्त वेळा, एकामागून एक. मधली एकही पायरी गाळता येत नाही.

सहाव्या दिवशी भाचीने पडद्यावर ‘२४ टक्के’ वाचलं. “मामा, यातून मिळणार काय तुला?”

मी तोऱ्यात म्हणालो, सांकेतिक लिपीत मूळ संख्या लागतात. रात्री वाचून पाहिलं तर माझंच उत्तर फसवं निघालं. तिथे काहीशे अंकी संख्या पुरतात, आणि त्याही गुपित असाव्या लागतात. जगजाहीर झालेल्या चार कोटी अंकी संख्येचा तिथे काही उपयोग नाही. मोठं बक्षीस आहे, पण ते दहा कोटी अंकांपासून पुढे. विक्रमाची हौस तर आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. बावन्न सापडल्यात, शेवटची २०२४ मध्ये, ४,१०,२४,३२० अंकांची. पण बावन्नाच्या पुराव्यावर अनंताबद्दल काही ठरत नाही.

मला पटलेलं कारण अकराव्या दिवशी सापडलं. मोहापायी मी मेमरीचा वेग थोडा वाढवून ठेवला होता. पडद्यावर आलं: गणनेत चूक, मागच्या खात्रीच्या टप्प्यावर परत जात आहे. अब्जावधी क्रियांत कुठेतरी एक बिट उलटला होता. रॉबर्ट गेर्बिच यांनी सुचवलेली तपासणी मध्येमध्ये चालते, तिने तो पकडला. ती नसती तर पुढचे सगळे दिवस मी चुकीच्या आकड्याचे वर्ग करत बसलो असतो आणि निकाल खात्रीने सांगितला असता. १९९४ मध्ये पेंटियम चिपची भागाकारातली चूक टॉमस नाइसली यांना सापडली, तीही जुळ्या, म्हणजे दोनच्या अंतराने येणाऱ्या मूळ संख्यांवरच्या गणनेत. जिथे एवढीशी चूकही चालत नाही असं काम हातात घेतलं की अवजारंच तपासली जातात. मेमरीचा वेग मी गुपचूप पूर्वीसारखा केला.

तेविसाव्या दिवशी निकाल आला: मूळ नाही. सोबत शेवटच्या बाकीची अखेरची सोळा चिन्हं. पूर्वी ही बाकी जुळते का ते पाहायला दुसऱ्या कुणाला सगळं काम पुन्हा करावं लागे. आता संगणक एक पुरावा-फाइल पाठवतो आणि दुसरं यंत्र मूळ कामाच्या एका टक्क्याहूनही कमी वेळात शिक्कामोर्तब करतं. माझ्या निकालावर दुसऱ्याच दिवशी ते झालं.

भाचीला मोठ्या उत्साहाने दाखवलं. तिचा प्रश्न सरळ होता. “मूळ नाही, मग हिला भाग कशाने जातो?”

तिला २ चा ६७ वा घात वजा १ ची गोष्ट सांगितली. ती मूळ नाही हे लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवलं. तिचे अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले १९०३ मध्ये. सत्तावीस वर्षं, आणि ती संख्या होती अवघी एकवीस अंकी.

“आणि तुझी?”

“तीन कोटी नव्वद लाख.”

ती हिशेब करायला लागली, मग तिने तो सोडून दिला.