पफरी: हवा कुठे संपते आणि वचन कुठे लागतं

‘पफरी’ म्हणजे मालाची वारेमाप तारीफ. मूळ ‘पफ’ हा फुंकरीच्या आवाजावरूनच आलेला शब्द, आपल्या ‘फू’सारखा. बेकरीतला पफ आणि पावडर लावायचा पफ याच घराण्यातले. फुंकायचं, मग फुगवायचं, मग फुगवून सांगायचं. अठराव्या शतकात लंडनच्या वर्तमानपत्रांत पैसे देऊन छापून आणलेल्या स्तुतीला ‘पफ’ म्हणत. लिलावात भाव चढवायला बसवलेला खोटा बोलीदार तो ‘पफर’.

या उद्योगाची फर्मास वर्गवारी रिचर्ड शेरिडनच्या ‘द क्रिटिक’ (१७७९) या नाटकात आहे. त्यातला मिस्टर पफ पाच प्रकार सांगतो. ‘थेट पफ’ म्हणजे प्रयोगाच्या आदल्या दिवशीच तो किती रंगला याचं वर्णन लिहून टाकणं. सर्वांत बेरकी ‘संगनमताचा पफ’: वरकरणी शत्रू बनून एखाद्या कवितेवर तुटून पडायचं, ती किती बोचरी आणि बदनामीकारक आहे म्हणून गळा काढायचा. खप आपोआप वाढतो. हा प्रकार आजही जोरात आहे! शेरिडन स्वतः ड्रुरी लेन थिएटर चालवत होता, तेव्हा हे सगळं त्याला आतून ठाऊक.

कायदा पफरीकडे काणाडोळा करतो, कारण शहाणं गिऱ्हाईक ती शब्दशः घेत नाही. पण हद्द आहे. १८९१ मध्ये लंडनच्या कार्बॉलिक स्मोक बॉल कंपनीने जाहिरात दिली: आमचा गोळा (नाकाने औषध हुंगायचा रबरी चेंडू) रोज तीनदा, दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, त्यासाठी बँकेत १००० पौंड ठेवलेत. लुइझा कार्लिल यांनी तो सांगितल्याप्रमाणे वापरला आणि तरी आजारी पडल्या. कंपनी म्हणाली, ती नुसती पफ होती. अपील कोर्टाने १८९२ मध्ये ते फेटाळलं. बँकेतली ठेव दाखवलीत, म्हणजे देण्याचा इरादा होता.

आपल्याकडेही कसोटी साधारण तीच. ‘जगात भारी चहा’ खुशाल लिहा. ‘१५ दिवसांत केस उगवतील’ म्हणालात, तर पुरावा हाताशी हवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. तळाशी बारीक अक्षरांत तारांकित टीप टाकूनही सुटका नाही: २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती टीप मुख्य दाव्याला छेद देऊ शकत नाही.