लकवा, मालीश आणि आईचं सूप

घरात कुणाला लकवा मारला की डॉक्टरच्या आधी सल्ले देणारे पोचतात. कबुतराचं रक्त चोळा, अमक्या गावाला झाडपाला मिळतो एकदम खात्रीचा, आणि आमच्या सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, सगळ्यात जास्त जोर तेल मालीशवर. मालीशला माझा विरोध नाही, बरं वाटतं माणसाला, पण त्यानं हात परत येत नाही, कारण बिघाड हातात नसतोच, मेंदूत असतो.

आईचं उजवं अंग गेलं म्हणजे मार डाव्या मेंदूला, कारण हात-पाय हलवणाऱ्या नसा मानेच्या जरा वर एकमेकींना ओलांडून पलीकडं जातात. रात्री जेवून नीट झोपली, सकाळी बघतो तर तोंड वाकडं, हात लुळा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि झोपेत झालं असेल तर घड्याळ सकाळपासून नाही, रात्री शेवटचं नीट बघितलं तेव्हापासून लावतात, त्यामुळं ते गेलंच. दवाखान्यात एक नातेवाईक भांडत होते, आधी इंजेक्शन द्या स्कॅन नंतर करा म्हणून. अहो, गुठळी आहे का रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही, आणि रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. तोंड वाकडं, एक हात उचलेना, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी सरळ १०८ लावा, कबुतर नंतर.

बोलणंपण गेलं होतं, बहुतेकांचं ते डाव्या मेंदूतच असतं. पाणी पाहिजे तरी 'पान', चहा पाहिजे तरी 'पान', मला हाक मारायची तरी 'पान'. समजायचं बऱ्यापैकी, म्हणून जास्त चिडायची. आणि हीच बाई संक्रांतीला टीव्हीवर सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, बघून तिथला जयघोष 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा खणखणीत म्हणाली! आम्ही सगळे उडालोच. स्पीचवाल्या मॅडम म्हणाल्या होतं असं, वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं, तालातलं बोलणं कधीकधी शाबूत राहतं, तेच धरून पुढं जाऊ. (सिद्धेश्वराला द्यायचं ते श्रेय आम्ही दिलंच.)

फिजिओ म्हणजे अगदी पोरगा, पण कामाला पक्का. आल्या आल्या शेजारच्या अक्कांवर ओरडला, कारण त्या आईला उठवायला लुळ्या हाताला धरून ओढालत्या. सुरुवातीला स्नायू सैल असतात, हात ओढला की खांदा खोबणीतून सरकतो आणि मग ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. कमरेला धरून उठवायचं म्हणे. नंतर सैलपणा जाऊन हात उलटा कडक व्हायला लागला, कोपरात वाकलेला, मूठ आवळलेली.

त्यानं विचारलं आई आधी काय करायच्या? म्हटलं काय करणार, विड्या. तर रबरी बॉल ठेवला बाजूला आणि म्हणाला सूप आणा, म्हणजे मांडीवर घेऊन विड्या वळायचं ते पाखडायचं सूप. तंबाखूऐवजी गव्हाचा कोंडा घेतला. ओलं पान चिमटीत धरायचं, कोंडा भरायचा, गुंडाळायचं, नखानं तोंड दुमडायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. जन्मभर बघितलंय मी हे, पण अंगठा आणि पहिलं बोट त्यात किती राबतात ते आता कळलं, दोरा ओढताना तर तिच्या कपाळावर घाम यायचा. डावा हात मदतीला घुसला की फिजिओ त्यात जाड मोजा घालायचा, काम उजव्यानंच करावं म्हणून, आई शिव्या द्यायची, शिव्या मात्र एकदम स्पष्ट. वापरल्यानं मेंदूत दुसऱ्या वाटा तयार होतात, पहिल्या तीन महिन्यांत वेग जास्त, नंतर हळू, पण दार बंद होत नाही.

यावरून बोलणी मात्र मी खाल्ली. मावशी म्हणाली लकवा झालेल्या बाईला परत विडीला बसवली, काय पोरगी आहे का कोण! त्यापेक्षा सगळं हातात देऊन आईला गादीवर झोपवून ठेवलं असतं तर माझं किती कौतुक झालं असतं.

सध्या ती वळते ती विडी ढिली असते, दोरा तिरका जातो, कात्री अजून धरवत नाही. कारखान्यात असली विडी 'छाट', म्हणजे नापास, म्हणून बाजूला काढतात. परवा मी शेजारी बसून एक वळली तर तिनं ती उचलली, उलटी सुलटी करून बघितली आणि बाजूला टाकत म्हणाली, 'छाट'.