ऑर्किडची चिकट पाने आणि ओळखीची कोळशी

वरुड तालुक्यात ज्याच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्याला कोळशी समजावून सांगावी लागत नाही. काळी माशी पानामागे बसून रस शोषते, तिच्या अंगातून गळणारा गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काजळीसारखी बुरशी चढते, हे मी लग्न होऊन या घरी आल्यापासून पाहत आले आहे. तरीही ओसरीतल्या खिडकीत ठेवलेल्या ऑर्किडवर जवळजवळ तेच घडत असताना ते ओळखायला मला दीड महिना लागला.

हे फॅलेनॉप्सिस जातीचे ऑर्किड लेकीने दिवाळीत पुण्याहून आणले होते. फेब्रुवारीत पाने पुसताना फडके चिकटू लागले, म्हणून मी थोडे वाचले आणि नेमकी तिथेच फसले. निरोगी ऑर्किडसुद्धा फुलांच्या दांड्यावर आणि कळीच्या देठाशी गोड रसाचे स्वच्छ थेंब सोडते, हे खरे आहे. माझ्या झाडाच्या दांड्यावर तसे दोन थेंब होतेही. त्यामुळे पानांवरचा चिकटपणाही त्यातलाच समजून मी निश्चिंत राहिले. मार्चच्या मध्यास खालच्या दोन पानांवर काळा थर दिसला, तेव्हा कृषी केंद्रातून बुरशीनाशक आणून दोनदा फवारले. थर ओल्या फडक्याने निघत असे, पण चार दिवसांत पान पुन्हा चिकट होत असे. औषधाचा दोष नव्हता, मी मागणीच चुकीची केली होती.

आमच्याकडे बरीच वर्षे सालदार असलेले काका एकदा ओसरीत पाणी प्यायला थांबले आणि कुंडीकडे पाहून म्हणाले, "बाई, पान नोका पुसू. वरतं पाहा, मुतनारा वरतंच बसला असन." शाळेत पंचवीस वर्षे शिकवलेल्या बाईला यापेक्षा नेमका धडा कोणी दिला नसेल.

त्या रात्री टॉर्च आणि सासऱ्यांचे भिंग घेऊन बसले. वरच्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेला लागून, तुरीच्या टरफलाच्या तुकड्यासारखे तपकिरी, लांबट, चपटे ठिपके ओळीने चिकटलेले होते. ते हलत नव्हते, म्हणूनच इतके दिवस मी त्यांना पानाचेच डाग समजत होते. नखाने एक उचकटला तर तो अख्खा सुटून आला आणि बोटाला ओल लागली. डाग असता तर सुटला नसता. ही खवले कीड होती. शिवाय चिकटपणा केवळ पानांवर नव्हता, खिडकीच्या फरशीवरही बारीक शिंतोड्यांसारखा पडलेला होता. झाडाचा स्वतःचा रस जिथे पाझरतो तिथेच थेंब होऊन राहतो. किडीचा चिकटा मात्र वरून खाली असा पसरतो. शेजारच्या लिंबाच्या कुंडीत कोवळ्या फांदीवर हीच कीड सापडली, तेव्हा ती कुठून आली असावी याचाही अंदाज आला.

दोन्ही कुंड्या वेगळ्या केल्या. कान साफ करण्याच्या कापसाच्या काड्या सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून मी एकेक खवला पुसून काढला. पहिल्या दिवशी या कामाला दीड तास लागला, कारण पान जिथे खोडाला धरते त्या खाचेत आणि कुंडीच्या काठाखालीही कीड होती. कुंडीतले झाडाची साल आणि कोळशाचे जुने मिश्रण टाकून नवे भरले. नंतर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचे थोडे थेंब घालून, आधी एका पानावर दोन दिवस पाहून, मग पानांच्या खालून फवारले. फवारणी दिवस मावळल्यावरच केली. आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात तेल लागलेले पान भाजून निघते. पानांच्या मधोमध साचलेले पाणी दर वेळी कागदी रुमालाच्या टोकाने टिपून घेतले, नाहीतर शेंडा सडतो.

खरी परीक्षा चिकाटीची होती. मादीच्या कवचाखालची पिल्ले बाहेर पडून रांगत नवीन जागा धरतात, आणि एकदा कवच जाड झाले की फवारा आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून कॅलेंडरवर खुणा करून दर रविवारी पुसणे आणि फवारणे असे सात आठवडे केले. तिसऱ्या रविवारी एकही कीड दिसली नाही आणि मी थांबण्याच्या बेतात होते. चौथ्या रविवारी पाच सापडल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून कुंडी विटेवर आणि वीट पाण्याच्या परातीत ठेवली. चिकटा खाण्यासाठी मुंग्या या किडीची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात, हे बागेतही दिसते. एक पान पिवळे पडून गळाले, बाकीची वाचली. बुरशीचा काळा थर कोमट पाण्याने निघाला आणि परत आला नाही.

डिसेंबरात रात्री गार पडू लागल्यावर नवा दांडा फुटला. एका सकाळी कळीच्या देठाशी मुंगी दिसली, म्हणून भिंग आणले. खाली पाने कोरडी होती, देठावर एकच स्वच्छ थेंब होता आणि मुंगी तो पीत होती. मी भिंग परत ठेवून दिले.