सोयाबीन निघालं आणि आईची ढास सुरू झाली

दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या वावरातलं सोयाबीन काढलं, दिवसभर आई थ्रेशरजवळ उभी राहून कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, ओढत होती आणि तोंडाला काहीच बांधलेलं नव्हतं, नुसता डोक्यावरचा पदर. त्याच रात्री ढास लागली. कफ नाही, ताप नाही, कोरडा खोकला नुसता, पण आडवी झाली की सुरू. मग उठून बाजेवर बसायची आणि पदराचा बोळा तोंडाशी दाबून धरायची, आम्ही जागे होऊ नये म्हणून. मी जागीच असायची. कोमट पाण्याचा गिलास द्यायची, दोन घोट घेतले की दहा मिनिटं बरं वाटायचं, की परत तेच.

गावात प्रत्येकाजवळ एक औषध असतंच. अडुळशाचा काढा झाला, लवंग भाजून झाली, मेडिकलमधून दोन बाटल्या आणून झाल्या, त्यातल्या एकीनं गुंगी यायची पण सकाळी खोकला होता तिथंच. पंधरा दिवस असेच गेले आणि मला याचं अजून वाईट वाटतं, कारण दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की टीबीची तपासणी करायचीच असते आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. थुंकी तपासली, एक्सरे काढला, दोन्हीत काही निघालं नाही.

डॉक्टर मॅडमनी मग औषधाचं बोलायच्या आधी विचारलं, "मावशी, स्वयंपाक कशावर करता?"

गॅस आहे घरी. पण सिलिंडर पुरवून वापरतो, म्हणून भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीतर तुरीच्या तुराट्या, आणि चूल मागच्या खोलीत जिथं खिडकी हातभर आहे. म्हणजे दिवसा वावरातली धूळ, सकाळ-संध्याकाळ धूर. मॅडमनी समजावून सांगितलं की धुळीनं किंवा सर्दीनं घसा आणि श्वासनळी एकदा दुखावली की आतल्या नसा कित्येक आठवडे हुळहुळ्या राहतात, मग थंड हवा लागली, हसलं, जास्त बोललं तरी ढास लागते. अशा घशाला रोज धूर देत राहिलं तर बाटली काय करणार.

मग चूल अंगणात नेली. आईला पटलं नाही, "थंडीत भाईर भाकरी टाकू का मी?" म्हणे, म्हणून भाकरी गॅसवर आणि फक्त पाणी बाहेर तापवायचं ठरलं. झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं. पहाटे बाहेर निघताना नाकावरून दुपट्टा, कारण आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा अशी असते की घशाला काप जातो. झोपताना एक चमचा मध, डोक्याखाली दोन उशा, उशाशी कोमट पाणी. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या. दिवसा तोंडात खडीसाखर, त्यानं लाळ सुटते आणि घसा ओला राहतो, एवढंच त्याचं काम पण ते खरंच होतं. हळदीचं दूध आईला आवडतं म्हणून देतो. आठ-दहा दिवसांत रात्रीचं उठणं थांबलं, पूर्ण जायला महिना लागला.

या सगळ्यात बाबांचा खोकला पण उलगडला. ते तर कितीक महिने खाकरत होते, आम्ही त्यांना बिडी सोडा म्हणून मागे लागलो होतो (सोडायलाच पाहिजे ती). मॅडमनी बीपीची गोळी दाखवायला सांगितली, रॅमिप्रिल होती. या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांना कोरडा खोकला लागतो, गोळी चालू आहे तोवर जात नाही. मॅडमनीच बदलून दिली, आपल्या मनानं बीपीची गोळी बंद करायची नसते. आणि बाबा दिवसभर ज्येष्ठमध चघळायचे, ते जास्त झालं तर बीपी वाढतं हे पण तेव्हाच कळलं.

लेकरांचं मात्र वेगळं सांगते. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान लहान लेकरं खोकल्याच्या औषधानं किडनी जाऊन दगावली, कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत भरती होती, त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं. ते दिवस आमच्याकडे कोणी विसरलं नाही. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला खोकल्या-सर्दीचं सिरप द्यायचंच नाही आणि पाचच्या आत शक्यतो नाही, असं केंद्र सरकारनं तेव्हा कळवलं होतं. मध चांगला, पण वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचासुद्धा नाही, त्यातून बाळाला बोटुलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो. उकळत्या पाण्याच्या गंजावर (पातेल्यावर) लेकराला वाफ द्यायला बसवू नका, गंज कलंडला की भाजतं. लेकराला धाप लागत असेल, श्वास घेताना बरगड्या आत जात असतील तर रात्र असो की काही, दवाखाना. मोठ्यांना पण खोकल्यात रक्त दिसलं, वजन उतरलं, संध्याकाळचा ताप राहिला तर थांबायचं नाही.

पुढच्या आठवड्यात तूर काढायची आहे. मेडिकलमधून एन-95 चे चार मास्क आणले, मजूर बायांना पण द्यायचेत, आणि या वेळी मशीन अशी लावायला सांगितली की वारा पाठीमागून येईल आणि कुटार समोर उडेल. मास्क आईनं काल लावून पाहिला, "दम कोंडते वं यात," म्हणाली. मग काढून घडी न मोडता देवघराच्या खुंटीला अडकवून ठेवला.