मटण स्ट्रीटवरचा मग

मुंबईला माझ्या ओळखीचे लोक लग्नकार्याला जातात, दवाखान्याला जातात, विमान पकडायला जातात. मी मगांसाठी जाते. जुने, झाकणाचे, नक्षीचे, कुणाच्या तरी राज्याभिषेकाचे, कुठल्या तरी पलटणीचे, शर्यतीत बक्षीस मिळालेले. मी स्वतः बिअर पीत नाही, हे आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. मला पेयाशी देणंघेणं नाही. एखादा दिवस लक्षात राहावा म्हणून माणसं भांड्यावर तो कोरून ठेवतात, त्याचं मला वेड आहे.

नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटीने निघाले, सीएसएमटीला उतरले, लोकलने सँडहर्स्ट रोड गाठलं आणि तिथून चालत मटण स्ट्रीट, म्हणजे चोरबाजाराची गल्ली. वार गुरुवार. हा वार मुद्दाम निवडते. शुक्रवारी इथली जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुना बाजार पसरतो, म्हणजे लागोपाठच्या दोन दिवसांत दोन वेगळे बाजार बघायला मिळतात. भेंडीबाजाराच्या बाजूला आता उंच टॉवर उभे राहिलेत. पण या गल्लीत अजून तेच गाड्यांचे सुटे भाग, तेच ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे आणि दर अर्ध्या मिनिटाला अंगावर येणारी स्कूटर. गर्दीचा मला मनापासून त्रास होतो. इथे मात्र मी तासन्‌तास उभी राहू शकते.

पहिल्या दोन-तीन दुकानांत नेहमीचा माल होता. एकाने आठव्या एडवर्डचा 1937 चा मग काढून फार दुर्मिळ म्हणून हातात दिला. हा राजा डिसेंबर 1936 मध्ये गादी सोडून गेला, 12 मे 1937 ला ठरलेला त्याचा राज्याभिषेक झालाच नाही आणि त्याच तारखेला त्याच्या भावाच्या डोक्यावर मुकुट चढला. गोष्ट ऐकायला छान, म्हणून किंमतही छान सांगतात. पण राजा जाईपर्यंत कारखान्यांनी असे मग ढिगांनी करून ठेवले होते, त्यामुळे ते आजही भरपूर मिळतात. मी नम्रपणे परत दिला.

पुढच्या दुकानात जर्मन मग होता, पोर्सेलीनचा, प्युटरचं म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचं झाकण, झाकणावर छोटा सैनिक. पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनीत सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून घरी जाणारे तरुण आठवण म्हणून असे मग करून घेत. त्यावर पलटणीचं नाव, नोकरीची वर्षं आणि सोबत्यांच्या नावांची यादी रंगवलेली असते. मग रिकामा करून उजेडाकडे धरला की तळाच्या पातळ पोर्सेलीनमधून एक चित्र उमटतं. ते जाड-पातळ कोरीव कामाने केलेलं असतं, त्यात रंग नसतो. मी ट्यूबलाइटखाली धरला आणि तळातून विवस्त्र बाई दिसली. दुकानदार खूश होता, मी नाही. जुन्या खऱ्या मगांत बहुतेकदा शिपाई घरच्यांचा किंवा प्रेयसीचा निरोप घेत असतो. तळाला असलं चित्र असलं तर मग दुसऱ्या महायुद्धानंतर पर्यटकांसाठी काढलेली नक्कल असण्याचीच शक्यता मोठी. वरच्या यादीतली नावंही मला छापील वाटली, एकही अक्षर हललेलं नव्हतं. ज्यांनी ती दोन-तीन वर्षं एकत्र काढली, त्यांच्या नावांची अशी नक्कल विकावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

गल्लीच्या आतल्या अंगाला एका दुकानाच्या पायरीवर बफिंगची मोटर लावलेली होती. कापडाचं जाड चाक गरगर फिरत होतं, शेजारी पॉलिशची लाल वडी, आणि कोपरापर्यंत काळा झालेला एक मुलगा एकेक भांडं चाकाला लावत होता. झालेला माल आरशासारखा चकचकीत एका बाजूला, व्हायचा माल गोणपाटावर. गोणपाटावर एक प्युटरचा मग आडवा पडला होता. काळपट करडा, मूठ थोडी वाकलेली, तळ काचेचा. काचेच्या तळाची दंतकथा अशी सांगतात, की भरतीवाले सार्जंट बेसावध माणसाच्या बिअरमध्ये राजाचा शिलिंग टाकत आणि तो पिणाऱ्याच्या हाती लागला की त्याने भरतीचा पैसा घेतला असं धरत, म्हणून आत नाणं आहे का ते बघायला काच आली. खरं-खोटं असो, मी सवयीने तळातून आकाश बघितलं आणि मग बाजूची अक्षरं दिसली.

अक्षरं हाताने कोरलेली होती, तिरपी, इंग्रजी. बोट फिरवलं तर काही ठिकाणी खाच लागत होती आणि काही ठिकाणी नुसतीच गुळगुळीत. टेनिस, पुरुष दुहेरी, उपविजेते, बॉम्बे, 1927. खाली दोन नावं. एक इंग्रज आडनाव आणि दुसरं आपलं, मराठी. नावं इथे लिहीत नाही, कारण त्यांच्या घरचे कुणी असतील तर आधी त्यांना कळायला हवं.

मी मुलाला विचारलं, याचं काय करणार? त्याने मान न वळवता सांगितलं, "सब साफ करनेका." तेवढ्यात आतून दुकानदार आले. पांढरी दाढी, आवाज मऊ, बोलणं अदबीचं. म्हणाले, "मॅडम, दूसरे का नाम लिखेला कौन लेगा? होटलवाले को साफ माल मंगता. शूटिंगवाले को भी."

हे मी पहिल्यांदा ऐकलेलं नाही, पण समोर चाक फिरत असताना ऐकणं निराळं. प्युटर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं तांबं किंवा अँटिमनी, फार जुन्या मालात शिसंही. इतका मऊ धातू, की नुसत्या रोजच्या पुसण्याने शंभर वर्षांत अक्षरं झिजतात. चाकाला लावला तर नाव जायला एखादं मिनिट पुरेल. जर्मन सिल्वरवर चांदीचं गिलीट चढवलेल्या मगांचं तर दुहेरी नुकसान, नावाबरोबर चांदीही निघून जाते आणि खालचा पिवळट धातू उघडा पडतो. मागे राहतो एक कोरा, चकचकीत, कुणाचाच नसलेला मग. हॉटेलच्या कपाटात तसले डझनभर मांडून त्याला ब्रिटिशकालीन म्हणायचं.

मी त्यांना म्हटलं, चाचा, 1927 साली मुंबईत एक मराठी माणूस आणि एक इंग्रज जाळीच्या एकाच बाजूला उभे राहून खेळले, अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि तिथे हरले, एवढं सगळं या दोन बोटांच्या जागेत आहे. हे पुसलं तर तुमच्याकडे पाव किलो कथील उरतं. ते ऐकून घेत होते, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. म्हणाले, "आप बोलते तो सही है. लेकिन मैं किस को समजाऊं?" मग चार हजार सांगितले. मी घासाघीस केली नाही. बाजाराच्या रीतीला ते धरून नाही आणि शेजारच्या दुकानदाराने तसं तोंडावर सांगितलंही. पण चाक चालू होतं आणि मग माझ्या हातात होता, अशा वेळी पाचशे रुपयांसाठी तो पुन्हा गोणपाटावर ठेवायचं माझ्या जिवावर आलं.

चहा त्यांनीच मागवला. काचेच्या छोट्या ग्लासात, गोडमिट्ट. चहा पिता पिता मी तो मुलगा काय काय चाकाला लावतो ते बघत होते. एक मोठं तबक आलं, त्यावरही काहीतरी लिहिलेलं होतं. मी उठून जवळ जाईपर्यंत ते गेलं होतं.

रात्री गिरगावात मावशीकडे. तिने खिचडी आणि तळलेली सांडगी मिरची वाढली आणि मग उलटसुलट करून बघितला. "अगं, परक्याचं नाव असलेलं भांडं घरात कशाला आणायचं?" म्हणजे दुकानदाराचंच म्हणणं. मी काही बोलले नाही, तिच्या पाण्याच्या पेल्याकडे बघितलं. स्टीलचा साधा पेला, काठाखाली मशीनने टिंबाटिंबांनी काढलेली अक्षरं: काकांच्या गिरणीच्या पतपेढीचा रौप्यमहोत्सव, सभासदाचं नाव आणि 1978. गिरणी 1982 च्या संपानंतर पुन्हा कधी धड चालली नाही, पतपेढीही गेली, काकाही गेले. मावशी त्या पेल्यातूनच पाणी पिते. मी विचारलं, "मावशी, हे नाव कुणी चकचकीत करायला म्हणून घासून काढलं तर?" ती म्हणाली, "हात तर लावून बघू दे!" आणि मग टेनिसचा मग तिनेच मऊ कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला.

विलायतेतल्या राजेरजवाड्यांचे मग जमवणारी मी, आणि आपल्या घराघरांत सप्रेम भेट लिहिलेले तांबे, पेले, डबे भंगारात जातात, त्याबद्दल मला फार वाटतं. लग्नातल्या पितळी घागरीवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि शके असतं. ती मोडीत घालताना वजन होतं, वाचन होत नाही.

शुक्रवारी पहाटे उठून रस्त्यावरच्या बाजारात गेले. बॅटरीच्या उजेडात माल बघायचा, ओणवं होऊन. पाठ दुखली आणि हाती फक्त एक चिनीमातीचा मग लागला, सातव्या एडवर्डचा, कानाला तडा गेलेला. पण त्यावर तारीख 26 जून 1902, म्हणून घेतलाच. राज्याभिषेक त्या दिवशी ठरला होता. दोनच दिवस आधी राजाला पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर घ्यावं लागलं आणि समारंभ 9 ऑगस्टला झाला. मग आधीच भाजून झाले होते. न झालेल्या दिवसाची तारीख मिरवणारी अशी भांडी मला सगळ्यात प्रिय.

तो मग पिशवीत घेऊन दुपारी भायखळ्याला राणीबागेत गेले, कारण याच एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा तिथे उभा आहे. राजा होण्याआधी, 1875 मध्ये, तो मुंबईला येऊन गेला. पुढे त्याचा पुतळा ज्या चौकात बसला त्याला लोक काळा घोडा म्हणू लागले. 1965 मध्ये पुतळा तिथून हलवला, नाव तिथेच राहिलं. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जे. जे. कलाशाळेत घडलेली झिलईची भांडी आहेत, त्यांच्यापुढे बराच वेळ उभी होते. पेठांमधल्या धुळीनंतर तो निळा-हिरवा रंग डोळ्यांना फार बरा वाटला. बाकीचा दिवस उन्हात गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

लोक विचारतात, राज्याभिषेकाच्या मगांत एवढं काय? मी त्यांना मॉस्कोचा मग सांगते. 1896 मध्ये झार दुसऱ्या निकोलसच्या राज्याभिषेकानिमित्त खोडिंका मैदानावर लोकांना भेटी वाटायच्या होत्या, त्यात एक इनॅमलचा मग, त्यावर झार-झारिनाची आद्याक्षरं आणि साल. वाटप पुरणार नाही अशी आवई उठली, लोटालोट झाली आणि तेराशेहून अधिक माणसं चेंगरून मेली. तो मग मी फक्त चित्रात बघितलाय. मिळाला तरी घरात ठेवायची हिंमत होईल की नाही, ठाऊक नाही. पण त्यावरचं साल कुणी घासून काढलं, तर त्या माणसांचा तेवढाच एक माग नाहीसा होईल.

परतीच्या गाडीत दाराजवळ उभं राहून यावं लागलं, पिशवी पोटाशी धरून. बसायला जागा असलेल्यांपैकी कुणीही पिशवीसुद्धा मांडीवर घेतली नाही, हे इथे नोंदवते.

घरी आल्यावर मग कोमट पाण्याने धुतला आणि मऊ कापडाने टिपला. एवढंच. चिंच नाही, राख नाही, पावडर नाही. काळपटपणा तसाच ठेवलाय, त्याच्यामुळेच अक्षरं वाचता येतात. बाजूने टॉर्चचा उजेड टाकून फोटो काढले तेव्हा मराठी नावापुढची आद्याक्षरंही उमटली. दुहेरीचं बक्षीस दोघांना मिळतं, म्हणजे याच्यासारखाच दुसरा मग तेव्हा नक्की दिला असणार. दुकानदारांना मी फोटो पाठवला आणि सांगितलं, नाव लिहिलेलं काहीही आलं तर चाकाला लावण्याआधी मला दाखवा. त्यांनी "जरूर" लिहून पाठवलं. परवा एका पेल्याचा फोटोही पाठवला. त्यावर नाव नाही, नुसता मुकुट आणि व्हीआर ही अक्षरं आहेत, म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळात माप तपासल्याचा शिक्का. तो मी ठेवून घ्यायला सांगितलाय.

पुढच्या खेपेला चोरबाजाराआधी टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जायचं ठरवलंय. तिथे जुनी वर्तमानपत्रं आहेत. 1927 सालची खेळाची पानं काढून बसेन. विजेत्यांची नावं छापतातच. उपविजेत्यांचीही छापली असतील, तर त्या जोडीने तो सामना किती सेटमध्ये गमावला ते कळेल.