विरेटा पार्कमधला बाक

"ताई, काय काय बघायचंय?" सिएटलला पोचल्या पोचल्या धाकट्या बहिणीने विचारलं. स्पेस नीडल, पाइक प्लेस मार्केट ही नावंही तिनेच घेतली. मी म्हटलं, आधी विरेटा पार्क.

ती बेलव्ह्यूला राहते. लेक वॉशिंग्टनवरचा तरंगता पूल ओलांडून आम्ही निघालो, बारीक भुरभुर चालू होती. बाग कसली, उतारावरचा हिरवळीचा तुकडा. शेजारच्या घरात 'निर्वाणा' या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन राहायचा. एप्रिल 1994 मध्ये तिथेच, 27व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. त्याच्या नावाची पाटी मला कुठे दिसली नाही, पण लाकडी बाकावर बोट ठेवायला जागा नाही इतकं लिहिलंय. मार्करने लिहिलेलं, चाकूने कोरलेलं, पावसाने अर्धं पुसलेलं. दोन फळ्यांच्या फटीत कुणीतरी गिटारचा पिक खोचला होता.

ओल्या बाकावर तशीच बसले. कॉलेजपासून मी त्याची एमटीव्ही वाहिनीसाठीची न्यूयॉर्कची 'अनप्लग्ड', म्हणजे साध्या वाद्यांवरची, मैफल ऐकत आलेय, 18 नोव्हेंबर 1993ची. त्याच्या बँडच्या 'नेव्हरमाइंड' या अल्बमने जानेवारी 1992 मध्ये मायकल जॅक्सनला अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं होतं. त्यानंतर सगळ्यांना त्याच्याकडून तीच गाजलेली गाणी हवी होती. वाहिनीला सोबत बडे पाहुणेही हवे होते. त्याने आणलं मीट पपेट्स या फारसं नाव नसलेल्या बँडमधल्या दोन भावांना, आणि 14 पैकी 6 गाणी दुसऱ्यांची गायली. सगळ्यात गाजलेलं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' गायलंच नाही.

त्या सहांपैकी ब्रिटिश गायक बोवीचं गाणं संपल्यावर तो हळूच सांगतो, हे डेव्हिड बोवीचं होतं. मला दर वेळी अभंगातलं शेवटचं 'तुका म्हणे' आठवतं. गाणारा कुणीही असो, नाव ज्याचं त्याला. एवढं सांगूनही पुढे पोरं बोवीलाच म्हणायची, तुम्ही निर्वाणाचं गाणं छान गाता! प्रसिद्धीपुढे सांगणाऱ्याचंही काही चालत नाही.

लेड बेली या जुन्या ब्लूज गायकाची गिटार आपल्याला पाच लाख डॉलरला देऊ केली होती, असं त्याने त्याच मंचावर हसत सांगितलं. त्या रात्री त्याच्या हातात असलेली मार्टिन गिटार 2020 मध्ये लिलावात 60 लाख डॉलरवर गेली. अंगातलं हिरवं स्वेटर त्याच्या आधीच्या वर्षी तीन लाखांवर, सिगारेटने जळालेल्या भोकासकट, न धुता. हे वाचलं तेव्हा मला खरंच कससंच झालं होतं.

बहिणीने पर्समधून पेन काढून पुढे केलं. मी नाही लिहिलं. एक इअरफोन तिला दिला, एक मी घेतला आणि लेड बेलीकडून त्याने उचललेलं ते शेवटचं गाणं लावलं. अखेरच्या ओळीत त्याचा आवाज फाटतो, तो मध्येच थांबतो, डोळे उघडतो. व्हिडिओ समोर नव्हता, पण तो श्वास दोघींनाही ऐकू आला.