वर काय, खाली काय

आमच्या बेळगावातल्या शहापुरात लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा ढीग उरतो. टाकवत नाहीत, कारण वर गणपती. शेजारच्या लिंगायतांच्या पत्रिकांवर बसवण्णा, त्याही टाकवत नाहीत. मग सगळ्या माझ्याकडे येतात. मी कोलाज करते हे गल्लीत कुणाला धड माहीत नाही. ‘चिकटवाचिकटवी’ म्हणतात, आणि तेच खरं आहे.

वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं की वाट्टेल तसं. कागद तयार होताना तंतू एकाच दिशेनं बसतात, त्याचा हा परिणाम. पत्रिकेचा रंगीत कागद फाडला तर कडेला पांढरा काठ सुटतो. त्या काठापायी मी कात्री फारशी घेतच नाही. मैद्याची खळ स्वस्त, पण तिला कसर लागते, म्हणून पाणी घातलेलं फेविकॉल.

यंदा इथल्या खडेबाजाराचं कोलाज करायला घेतलं आणि दुकानाच्या पाटीवर अडले. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. बाजारात ते मोजून होतं, पण माझ्या कागदावर काय करायचं? मराठी अक्षरं वर चिकटवली तर लोक म्हणणार बेळगाव महाराष्ट्रात मागणाऱ्या एकीकरण समितीवाली, खाली दाबली तर घरचेच तोंड फिरवणार. रंगवायचं असतं तर शेजारी शेजारी रंगवून सुटले असते. कोलाजात कागदावर कागद येतो, कुणीतरी खाली जातंच. शेवटी पत्रिकेतल्या बटर पेपरवर कन्नड अक्षरं गिरवली आणि मराठी कात्रणावर चिकटवली. खालचं पुसट दिसतं. आमच्याकडे रंग उडालेल्या जुन्या शटरवर दिसतं, अगदी तसंच.

शेजारच्या अज्जी बघायला आल्या. “काय करालीस गं? ही आमच्या नातवाची पत्रिका नव्हं?” बसवण्णा कुठं गेला, हा त्यांचा पुढचा प्रश्न. तो दुकानाच्या गल्ल्यावर, गणपतीच्या शेजारी. देव मात्र मी कुणाच्या खाली घालत नाही, तेवढी हिंमत नाही.

बर्लिनची कोलाजवाली चित्रकार हाना होख नोकरीत मासिकांसाठी भरतकामाचे नमुने काढायची, आणि १९१९ च्या सुमारास तसल्याच मासिकांतले पुढारी कापून त्यांची मुंडकी नर्तिकांच्या धडांवर बसवायची. तिचं धाडस मोठं. तसलं काही मी बेळगावात केलं तर घरावर मोर्चा येईल, तोही दोन भाषांतून.

आता निपाणी करायची आहे. विडीच्या बंडलांवरची जुनी लेबलं कुणाकडे असतील तर सांगा, फाटकी असली तरी चालतील.